घोडं नसलेला वाडा

सणसवाडीला मी नक्की काय काम करते, हे माझ्या घरात दोन वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. गाड्यांच्या पार्टचे फोटो तपासायचे, असं मी सांगून ठेवलं होतं. आई भावकीत सांगायची, "पोरगी कंपनीत क्वालिटीला हाय." आबा कुणाला काही सांगायचे नाहीत आणि मला काही विचारायचेही नाहीत. मी सुट्टीला घरी आले की नुसतं माझ्या तोंडाकडं बघायचे आणि म्हणायचे, "डोळं लाल झाल्यात बाई तुझं. जरा लांबचं बघत जा."

आता त्यांना काय सांगणार, की आबा, माझ्याएवढं लांबचं या तालुक्यात कुणी बघत नाही.

काम फोटो तपासायचंच होतं, एवढं खरं. फक्त ते फोटो आभाळातून काढलेले असायचे, आणि कुठल्या देशाचे ते आम्हाला सांगत नसत. सगळं जग लढाईत पडलं, त्याच्या तिसऱ्या वर्षाची ही गोष्ट. दहा-बारा देशांनी मिळून एक गुप्त संस्था काढली होती. तिला नाव असणारच, पण आमच्यापर्यंत ते कधी आलं नाही. आम्ही तिला 'वरची मंडळी' म्हणायचो. पार्टच्या एका कारखान्याच्या मागं दुमजली इमारत, बाहेर कसलीशी डाटा कंपनी म्हणून पाटी, आत आम्ही तीस-पस्तीस जण. मला सतरा नंबर होता. माझ्या शेजारी कोकणातली एक बाई बसायची, ती होड्या बघायची. पलीकडं राजस्थानचे एक काका, ते उंट आणि विहिरी. आणि मी मेंढरं.

हसू नका. मला घेतलंच त्यासाठी होतं. शिरूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी दोन ठिकाणी डाटा एंट्री केली होती. तिसऱ्या मुलाखतीत त्यांनी स्क्रीनवर एक मळकट फोटो दाखवला आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हणाले, "मेंढरं. कडेला पाच-पन्नास शेरडं." कशावरून विचारलं, तर मी म्हणाले, "शेरडं पांगतात. मेंढरं दुपारी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोळा होतात." समोरच्या माणसानं पेन खाली ठेवलं. पुढच्या सोमवारी मी कामावर.

आम्ही धनगर. माझ्या सहावीपर्यंत आमचा वाडा फिरायचा. वाडा म्हणजे मेंढरं आणि त्यांच्यामागून चालणारं सगळं बिऱ्हाड. दिवाळी झाली की घाटाकडं, पाऊस लागायच्या आत माघारी. मग आबांनी मेंढरं मोडली आणि इनामगावच्या अलीकडं घोड नदीच्या काठाला तीन एकर रान धरून घर बांधलं. मला शिकवायचं म्हणून. हे ते कधी बोलून दाखवत नसत, आई दाखवायची.

तर काम असं. स्क्रीनवर उजाड माळाचा फोटो यायचा. त्यात माणसांचा काही मागमूस असला, तर आम्ही खूण करायची. हिरवी खूण म्हणजे इथं लोक आपलं पोट भरतायत, यांना हात लावू नका. लाल खूण म्हणजे हे तसं दिसत नाही. लाल केल्यावर पुढं काय व्हायचं, हे सांगायची त्यांची पद्धत नव्हती. पण ते कळायला आम्ही काय शेंबडी पोरं होतो का? लाल झालेल्या सगळ्याच जागांवर काही व्हायचं असंही नाही. पण व्हायचं. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणे, आम्ही आभाळातून हाकत होतो.

एक नियम मात्र चांगला होता. लाल खूण चोवीस तास थांबायची. तेवढ्या वेळात ती ज्यानं केली त्यानंच जागेवर येऊन कारण सांगितलं, तर निघायची. फोनवरून नाही, दुसऱ्याच्या हातून नाही. दोन वर्षांत मी एकही खूण मागं घेतली नव्हती आणि त्याचा मला माज होता. कोकणातली बाई एकेका होडीवर अर्धा तास घालवायची, मी तिला चिडवायचे. म्हणायचे, "ताई, लग्न जमवायचंय का होडीशी?"

त्या शनिवारी चारच्या सुमाराला, शिफ्टच्या शेवटी, एक फोटो आला. पांढुरका माळ. दोन तंबू. एक ट्रक. पाण्याची टाकी. मधोमध हिरवं जाळं टाकलेला चौकोन, त्याखाली काहीतरी काळं दाटीवाटीनं ठेवलेलं. मी सगळा फोटो ताणून ताणून बघितला आणि घोडं शोधलं. आमच्यात वाड्याला घोडं असतंच. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, कालची व्यालेली कोकरं, चालून दमलेलं पोरगं, सगळं घोड्यावर. मी स्वतः तशीच वाढले. परमुलखात घोडं नसलं तर गाढव असतं, निदान उंट. इथं काहीच नव्हतं. मी म्हटलं, घोडं नाही म्हणजे धनगर नाही. जाळ्याखाली माल लपवलाय. लाल केलं, कार्ड लावून बाहेर पडले आणि शिरूरच्या गाडीला लटकले.

रविवारी सकाळी आबा म्हणाले, "खालच्या रानात वाडा बसलाय. येती का?"

लढाईमुळं खताची जहाजं येईनाशी झाली होती. युरियाचं पोतं बघायला मिळत नव्हतं. त्यामुळं ज्या बागायतदारांनी दहा वर्षं धनगराला बांधावर उभं केलं नव्हतं, ते आता फोन करून वाडे बोलवायचे. मेंढरं दोन-तीन राती रानात बसवायची, लेंड्या-मुताचं खत पडतं, त्याबद्दल धनगराला धान्य. आबांना त्याचा फार आनंद. लढाईचा आनंद म्हणून आईनं त्यांना झापलंही होतं एकदा. कुठंही वाडा आला की आबा पहिल्या सकाळी किटलीभर दूध घेऊन तिथं जाऊन बसणार, आणि मेंढरांचा वास घेऊन दुपारी माघारी येणार.

बांध ओलांडला आणि मी तिथंच थांबले. दोन पालं. एक पिकअप टेम्पो. निळी पाण्याची टाकी. आणि हिरव्या जाळ्याखाली काळी दाटी.

फलटणकडचे एक मामा होते, आबांच्याच वयाचे. मी राम राम न करताच विचारलं, "मामा, घोडी कुठं तुमची?"

"घोडी? ती इकून चार वर्सं झाली," ते म्हणाले. "घोड्याला चारा कुठनं आणायचा. टेम्पो बरा. कोकरं बसत्यात, म्हातारी बसती."

"आणि हे जाळं?"

"नर्सरीवाल्यानं टाकून दिल्यालं. कवळी कोकरं उनानं मरत्यात गं."

मी जाळं उचललं. खाली चाळीस-पन्नास कोकरं एकमेकांना चिकटून बसली होती. एकानं मान वर करून माझा हात चाटला. मी बांधावरच बसले.

आबा किटली ठेवून आले. "काय झालं? चक्कर आली?"

"आबा, मला सणसवाडीला जायचंय. आत्ता."

"आज सुट्टी ना?"

"चारच्या आत पोचायचंय. विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. घरी येऊन बघतो तर बारा वाजून गेलेले. रविवारची एसटी बंद होती. पेट्रोल मोजून मिळायचं त्या दिवसांत, आणि आमच्या टाकीत होतं ते सोमवारी आईला दौंडला गुडघा दाखवायला न्यायचं म्हणून राखलेलं. डॉक्टरची तारीख दीड महिन्यानं लागली होती. मी दारात उभी राहून रडायला लागले, आणि रडता रडता चिडायला लागले, एसटीवर, सरकारवर, गुडघ्यावरही.

आई भाकरी थापत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "घिऊन जावा तिला. गुडघा काय पळून जात न्हाई. पळाला तर बराच हाय."

न्हावऱ्यापर्यंत मी नुसती घड्याळ बघत होते. आबांची गाडी जुनी, तिला आणि त्यांना चाळीसच्या पुढं जायची सवय नाही. मग मीच त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? आभाळातले फोटो, लाल, हिरवं, जाळं, ट्रक, घोडं. सही करून दिलेली होती मी, तोंड उघडलं तर तुरुंग. दोन्ही बाजूंच्या उसाच्या रानांनी ऐकलं असेल ते.

आबांनी मान थोडी मागं वळवली. मग म्हणाले, "लई वरनं दिसतं?"

"लई वरनं."

"आन् माणसं?"

"ठिपक्याएवढी. कधी नुसती सावली."

"मग आपुनबी दिसलो आसंल कुणाला तरी," ते म्हणाले. "तवा तू घोड्यावर आसायची. आम्हास्नी कुणी हिरवं केलं आसंल, न्हाई का?"

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं. सदऱ्याला मेंढरांचा वास येत होता. तळेगाव मागं पडेपर्यंत मी तशीच बसले.

शिक्रापूरच्या चौकात अर्धा तास गेला, लष्कराच्या गाड्यांचा ताफा चालला होता. गेटवर पोचलो तर तीन वाजायला आले होते. सिक्युरिटीवाला बिहारचा, रोज मला नमस्ते करणारा, आज म्हणाला, सुट्टीच्या दिवशी आत सोडायचा ऑर्डर नाही. माझं डोकंच फिरलं. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आबांनी मला मागं ओढलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत त्याला म्हणाले, "भैया, इसका काम जान का है. किसी का बालबच्चा है उधर. तुम फोन लगाव, हम रुकता." मग खिशातून आईनं बांधून दिलेली भाकरी काढली, अर्धी मोडून त्याच्यापुढं धरली आणि त्याच्याच खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. त्यानं फोन लावला. आतून हो आलं.

खूण काढायची तर वरच्या मंडळींतल्या एका बाईंशी बोलावं लागायचं. त्या दिसायच्या नाहीत. कुठल्या देशात बसायच्या देव जाणे. त्यांचं बोलणं यंत्रातून मराठीत व्हायचं, एकदम पुस्तकी.

"कृपया कारण नमूद करा."

"घोडं," मी म्हणाले.

"आपण काल नोंदवले की घोडा नाही. आज घोडा दिसला का?"

"नाही. आज टेम्पो दिसला. आमच्या रानात." मग मी सगळं सांगितलं. कोकरं, जाळं, टाकी. घोडी विकली ते. सांगताना मला जाणवत होतं, की हे कुठल्या शहाण्या माणसाला पटणार.

"आपणास आता खात्री आहे का, की ते मेंढपाळ आहेत?"

"बाई, खात्री मला काल होती. आज नाही. खात्री नाही म्हणूनच काढा म्हणते."

भिंतीवरच्या घड्याळात तीन बावीस. मग तो आवाज म्हणाला, "खूण काढली आहे." मी टेबलावर डोकं ठेवलं. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आबांना जाऊन कधी सांगते असं झालं होतं.

"सतरा," आवाज म्हणाला, "घोडा नाही या कारणाने आपण यापूर्वी किती खुणा केल्या आहेत?"

हा प्रश्न मला बांधावर सुचला नव्हता, गाडीवर सुचला नव्हता. तीन-चार तास मी एका वाड्यासाठी जीव टांगून बसले होते, आणि मागच्या दोन वर्षांकडं एकदाही वळून बघितलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते असं.

आम्ही दोघींनी मिळून शोधल्या. चार निघाल्या. चारांनाही केव्हाच चोवीस तास उलटून गेले होते. त्या बाईंनी एकेका जागेचे नंतरचे फोटो मला उघडून दिले. तसं करायची परवानगी त्यांना असावी असं मला वाटत नाही.

पहिल्या दोन जागा खरोखरच लष्कराच्या होत्या. नंतरच्या फोटोत पक्के रस्ते, तारेचं कुंपण. तिसरी बघून मी मोठ्यानं हसलेच. माळावर एका ओळीत काळे चौकोन होते, एक, मग थोडं पुढं दुसरा, मग तिसरा. लेंड्यांचे डाग. वाडा दर दोन-तीन दिवसांनी हलला होता आणि जाताना रान काळं करत गेला होता. लाल खूण असूनही कुणी तिथवर पोचलं नव्हतं, की वरच कुणाच्या लक्षात आलं होतं, काय माहीत. मी त्या बाईंना ते डाग काय आहेत हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "समजले. हे चांगले आहे."

चौथ्या जागी दोन तंबू, ट्रक आणि चौकोन होता. तिसऱ्या दिवशीच्या फोटोतही तिथंच होता. आठवड्यानंतरच्या फोटोतही तिथंच. ट्रक आडवा पडलेला दिसत होता. पंधरा दिवसांनीही तसाच, महिन्यानंतरही. पुढं माळावर कुठंही डाग नव्हता. मी दर फोटोत चौकोनाच्या चारी बाजूंना शोधला, मैलोन्‌मैल.

मेंढरं महिनाभर एका जागी बसत नाहीत.

शेवटी त्यांनीच तो फोटो बंद केला. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, यंत्राला त्याचं मराठी करता येत नसावं.

बाहेर आले तेव्हा ऊन कललं होतं. आबा अजून सिक्युरिटीवाल्याशेजारी बसले होते आणि त्याला मेंढरू कसं कातरतात ते हातवारे करून सांगत होते. मला बघून उठले, गुडघ्यावर हात टेकून.

"काढली?"

"काढली आबा."

त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. कुणाला, ते विचारलं नाही मी. मग म्हणाले, "लई येळ लागला गं."

"जुने फोटो बघायला लावले. आधी असंच लाल केलेले."

ते माझ्याकडं बघत राहिले. आबांना मेंढरू आजारी पडायच्या आदल्या दिवशी कळायचं. मला वाटलं, आता यांना कळणार, आणि कळलं की हे मोडणार. ज्या माणसानं मला शिकवण्यासाठी वाडा मोडला, त्याला मी काय सांगू, की त्या शिकण्यातून हे झालं?

"मग? हलली का ती लोकं?"

"हलली," मी म्हणाले. "समदी हलली."

"हलणारच," आबा म्हणाले. "धनगर हाय त्यो." आणि त्यांनी उरलेली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. मी ती त्यांच्यासमोर सगळी खाल्ली.

ते काम मी पुढच्या महिन्यात सोडलं. तोवर एकही लाल खूण केली नाही. लढाई थांबल्यावर वरची मंडळीही कुठं गेली कळलं नाही, इमारतीत आता पुठ्ठ्याचे खोके बनवतात. आईचा गुडघा दौंडच्या डॉक्टरनी दोन महिने उशिरा बघितला. त्यावरून ती मला अजून टोमणे मारते आणि मी ते ऐकून घेते.

आबांनी माझं गुपित कुणाला सांगितलं नाही. पण रस्त्यानं वाडा चाललेला दिसला की माझ्याकडं बघून मान हलवायचे. मला ते सहन व्हायचं नाही. मी उगाच त्यांच्यावर खेकसायचे, आणि ते म्हणायचे, "बापावर गेलीया."

गेल्या वर्षी ते दौंडच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. छातीत पाणी झालं होतं. शेवटी शेवटी त्यांना दिवस-वार कळत नव्हते, पण मी कॉटजवळ बसले की विचारायचे, "ती लोकं कुठवर गेली गं?" कुठली, हे मला विचारावं लागायचं नाही. मी सांगायचे. आज नदी ओलांडली, आबा. आज टेकडीखाली थांबलेत, गवत बरं आहे. आज दोन मेंढ्या व्यायल्या. ते डोळे मिटून ऐकायचे आणि कधी मध्येच दुरुस्त करायचे, "व्यालेलीला चालवू नगा म्हणावं दोन दीस."

मी तिसऱ्या वाड्याचं सांगायचे, आणि त्या शनिवारच्या वाड्याचं. आणि त्यांच्या मागून रोज थोडं थोडं चौथ्यालाही चालवायचे.